एक ओळ जास्त

वारजे येथील श्रीमती शेवंताबाई ओव्हाळ यांचे सात वर्षांपूर्वी चैत्रात, एका शनिवारी सकाळी निधन झाले. त्यानंतरच्या बुधवारी एका मराठी दैनिकाच्या शहर पानावर त्यांची निधनवार्ता प्रसिद्ध झाली. त्यांच्या पश्चात दोन मुलगे, सुना व नातवंडे असा परिवार असल्याचे वार्तेत म्हटले होते. त्यांना एक मुलगीही होती. ते पान त्या मुलीनेच लावले होते.

ती मुलगी मी.

या शहरात वर्षाला एक ऋतू जास्त आहे. तो श्रावणात सुरू होतो आणि नरक चतुर्दशीला पहाटे संपतो. या दिवसांत लिहिणारी माणसं एकमेकांना 'बरं आहे ना' असं विचारत नाहीत, 'यंदा कुणाला देताय' असं विचारतात. नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू असतो. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की पात्रातला रस्ता बंद होतो, पथकं कुठल्या तरी शाळेच्या मैदानावर जातात आणि मग ढोल दुसऱ्या दिशेने ऐकू येतात. दिवाळी अंकांचे संपादक सकाळी दहा ते बारा फोन करतात.

यंदा त्यातला एक फोन मला आला.

"ताई, सरांची पंचाहत्तरी आहे. अंकात गौरव विभाग करतोय. तुम्ही त्यांच्या कार्यशाळेच्या पहिल्या तुकडीतल्या ना? निवेदन म्हणजे काय, ते सरांनी कसं शिकवलं, असं काहीतरी द्या. ललित अंगाने. दोन हजार शब्द."

"तपशील खरे असले तर चालतील?"

"अहो, खरे तर हवेतच."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. वेळ अकरा वाजून दहा मिनिटं.

सरांचं नाव इथे देत नाही. ज्या अंकात हा लेख येईल, त्यात ते इतरत्र पुरेशा मोठ्या अक्षरांत असेल.

ती कार्यशाळा आई गेली त्याच वर्षी झाली. आषाढाच्या शेवटापासून श्रावण संपेपर्यंत, सहा रविवार. नारायण पेठेतल्या एका ग्रंथालयाचं वरचं सभागृह. कपाटांतून दमट कागदाचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. जिन्याच्या तोंडाशी हाताने रंगवलेली पाटी होती : 'ओल्या छत्र्या व वाद बाहेर ठेवावेत.' आम्ही तेरा जण होतो. निवृत्त बँक अधिकारी, दोन शिक्षिका, कॉलेजातली चार मुलं, एक होमिओपॅथ. माझ्या शेजारी देशपांडेबाई बसत. त्यांच्या पिशवीत कायम एक जास्तीचा रुमाल आणि आलेपाकाची वडी असे. वर्तमानपत्रातली मी एकटीच.

सर पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, हात मागे बांधून येरझाऱ्या घालत शिकवायचे. पहिल्या रविवारी त्यांनी फळ्यावर एक घर काढलं. घराला दार, दारापुढे रस्ता, रस्त्याच्या पलीकडे एक झाड. म्हणाले, "घरात काहीतरी घडलंय. निवेदक कुठे उभा आहे, ते मला आधी सांगा. आत? दारात? की पलीकडे, झाडाखाली? गोष्ट नंतर सांगा." आत उभा असलेल्याला सगळं जाणवतं पण सगळं दिसत नाही. झाडाखालच्याला सगळं दिसतं पण काही जाणवत नाही. दारातल्याला दोन्ही थोडं थोडं मिळतं, म्हणून बहुतेक लेखक दारात उभे राहतात. इतक्या सोप्या शब्दांत ही गोष्ट मला त्याआधी कुणी सांगितली नव्हती. त्याचं श्रेय सरांचंच आहे.

त्यांनी गृहपाठ दिला. स्वतःच्या आयुष्यातली एक घटना घ्या आणि या तीनपैकी एका जागेवरून लिहा.

मी आईची निधनवार्ता घेतली.

आई मांजरी गावची. उसाच्या फडात वाढलेली, लग्नानंतर वारज्याला आलेली, महापालिकेच्या शाळेत सेविका. तीस वर्षं तिने शाळेची घंटा दिली. घड्याळ वाचता यायचं, अक्षर नाही. निवृत्तीनंतर ती मला म्हणाली, "आता शिकव. येळ हाय." बालभारती तिला आवडली नाही. कमळ, मगर, बदक. "ह्ये काय माझ्या कामाचं न्हाय." मग मी घरी येणारा आमचाच अंक पुढे केला आणि ती निधनवार्तांवर थांबली.

त्याचं कारण मला नंतर उमगलं. निधनवार्तेत रोज तीच वाक्यं असतात. नाव, गाव आणि वय बदलतं. बाकी 'यांचे निधन झाले', 'त्यांच्या पश्चात', 'असा परिवार आहे'. एकदा ओळखीची झालेली अक्षरं दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा भेटत. चष्म्याला दोरा बांधलेला, बोट ओळीखाली, फोडणीत कढीपत्ता टाकल्यावर जो धूर होतो तो स्वयंपाकघरात अजून तरंगत असताना ती मोठ्याने वाचायची. एकेक अक्षर सोडवत.

"पश्चात म्हंजी?"

"मागे."

"मागं कोन ऱ्हायलं त्ये?"

"हो."

"मंग मागं म्हना की. पश्चात कशाला?"

वर्षभरात ती पूर्ण रकाना वाचू लागली. मग स्वतःचा रचू लागली. भाकरी थापताना, गोधडीला टाके घालताना, गाणं म्हणावं तसा. "शेवंताबाई ओव्हाळ यांच्या पश्चात येक लेक, दोन ल्योक." मी एकदा सांगितलं, आमच्याकडे मुलगे आधी लिहायची पद्धत आहे. तिने चष्म्यावरून पाहिलं. "लिवनार कोन? तूच ना? मंग लेक आधी. ऱ्हायलं तर बग."

राहिलं.

ती गेल्यानंतर मंगळवारी मी कामावर हजर झाले. संध्याकाळी सातला शहर पान मांडणीसाठी माझ्याकडे आलं. निधनवार्तांचा रकाना पवारकाका पाहतात. गेली कित्येक वर्षं तेच पाहतात. त्यांनी आईची वार्ता स्वतः लिहिली होती आणि शेवटी एक वाक्य घातलं होतं : 'या दैनिकाच्या उपसंपादक प्रज्ञा ओव्हाळ यांच्या त्या मातोश्री होत.' मुलीचा उल्लेख त्या वाक्यात होता, म्हणून आधीच्या वाक्यात त्यांनी वेगळा केला नव्हता. पान लावलं. रकाना एका ओळीने जास्त भरला.

त्या दिवशी सहा वार्ता होत्या. पाच दुसऱ्यांच्या. दुसऱ्याची ओळ कापायची नाही, असा माझा नियम. बातमीत स्वतःला आणायचं नाही, हा आमच्या सगळ्यांचाच. दोन्ही नियम एकाच ओळीकडे बोट दाखवत होते. ती कापली. पान बसलं. काम चोख झालं होतं.

बुधवारी दादाने अंक हातात धरून विचारलं, "सगळे आहेत यात. तू कुठे आहेस?"

"एक ओळ जास्त झाली होती."

"कुणाची?"

मी त्याच्या हातातून अंक घेतला आणि घडी घातली.

हे सगळं मी गृहपाठात लिहिलं. आईचं वाचणं, तिचा रचलेला रकाना, कापलेली ओळ, दादाचा प्रश्न. झाडाखाली उभं राहून लिहिलं, कारण मला तीच जागा येत होती. चौथ्या रविवारी ते वर्गात वाचून दाखवलं. देशपांडेबाईंनी जास्तीचा रुमाल बाहेर काढला. सर खिडकीशी होते. वळून म्हणाले, "ओव्हाळबाई, तुम्ही कायमच्याच रस्त्यापलीकडे राहायला गेलाय वाटतं." वर्ग हसला. मीही हसले. हे नोंदवणं आवश्यक आहे.

सहाव्या रविवारी वह्या परत मिळाल्या. माझ्या वहीत लाल शाईत तीन वाक्यं होती : 'घटना बरी. निवेदक गैरहजर. यात वेळ घालवू नये, दुसरा विषय घ्यावा.'

मी दुसरा विषय घेतला.

आश्विनात अंक बाजारात आले. नव्या दिवाळी अंकाला एक वास असतो. शाई, डिंक आणि गुळगुळीत कागदाचा. तो मला लहानपणापासून उटण्याच्या वासाआधी दिवाळी सांगत आला आहे. ऑक्टोबरचं ऊन कडक होतं, अप्पा बळवंत चौकात दुकानांबाहेर गठ्ठे सुटत होते. उभ्या उभ्या एक अंक उघडला. सरांची कथा पहिलीच होती. अकरा पानं. प्रथमपुरुषी निवेदन. वर्तमानपत्रात काम करणारा एक मुलगा आईच्या निधनवार्तेतून स्वतःचं नाव कापतो, कारण रकान्यात जागा नसते. आई निधनवार्ता वाचून अक्षरं शिकलेली असते. शेवटी भाऊ विचारतो, "सगळे आहेत. तू कुठे आहेस?"

कथा चांगली होती. सुरुवात उत्तम होती. निवेदक घराच्या आत उभा होता.

बदल पुढीलप्रमाणे होते. मुलीचा मुलगा झाला होता. वारज्याचं कोकणातलं एक गाव झालं होतं. आईच्या तोंडचं 'हाय' जाऊन 'आहे' आलं होतं आणि ती शाळेची घंटा देत नव्हती, तुळशीला पाणी घालत होती. आमच्याकडे बौद्ध पद्धतीने पुण्यानुमोदन झालं, कथेत तेरावं होतं. शेवटच्या पानावर निवेदक खडकवासल्याच्या भिंतीपाशी जाऊन रडतो. मी खडकवासल्याला रडायला गेलेली नाही. ओळ त्याने पेनाने कापली आहे. पान संगणकावर लागतं, तिथे पेन लागत नाही. अकरा पानांत ही एवढी एकच गोष्ट त्यांनी कुणाला विचारली असती तरी चाललं असतं. मीच उपलब्ध होते.

आमच्याकडे कुणाविरुद्ध काही छापायचं तर त्याचं म्हणणं घ्यावं लागतं. मी वसुबारसेला दुपारी सरांना फोन केला. संभाषण पूर्ण देते.

"सर, कथा वाचली."

"वा! कशी वाटली?"

"ओळखीची."

ते मोकळेपणाने हसले. "अहो बाई, घटना कुणाच्या मालकीच्या नसतात. निवेदन माझं आहे. तुमच्याकडे होती तेव्हा ती चाळीस शब्दांची निधनवार्ता होती. मी तिला अकरा पानं दिली."

"वहीत तुम्ही लिहिलंत, यात वेळ घालवू नये."

"तुम्ही घालवू नये, असं लिहिलं. मी कुठे म्हटलं, मी घालवणार नाही? आणि खरं सांगू? तुम्ही स्वतःला त्या घटनेतून आधीच काढून टाकलं होतंत. जागा रिकामी होती. मी जाऊन उभा राहिलो."

हे वाक्य मी त्याच वहीत, त्यांच्या लाल शाईखाली लिहून ठेवलं. खाली वार आणि वेळ.

त्यानंतर सात वर्षं मी काही केलं नाही, असं देशपांडेबाईंना वाटतं. ते पूर्ण खरं नाही. मी नोंदी ठेवल्या. कथा कुठे कुठे वाचली गेली, कुठल्या सभागृहात, प्रास्ताविकात काय म्हटलं गेलं. एका मुलाखतीत सर म्हणाले, "ही कथा मला आतून सापडली." एकदा त्यांनी श्रोत्यांना सांगितलं की लिहिताना हात थरथरत होता. दर वर्षी हा ऋतू आला, ढोल सुरू झाले, की मी ती वही काढत असे, नवी नोंद करून परत ठेवत असे. सूड हा शब्द बातमीत नेहमी पोलिसांच्या हवाल्याने येतो. इथे तो माझ्याच हवाल्याने आहे आणि स्रोत खात्रीचा आहे.

पाचव्या रविवारी सरांनी आम्हाला एक तंत्र शिकवलं होतं. काही निवेदक वाचकाशी खोटं बोलतात, पण लेखक मजकुरात कुठेतरी एक खरा तपशील पेरून ठेवतो. तो सापडला की आधीचं सगळं उलटं वाचावं लागतं. "मात्र घाई नको," सर म्हणाले होते. "वाचकाचा पूर्ण विश्वास बसू द्या. मग एकच तपशील. कोरडा. विशेषण न लावता." हे मला वर्गातल्या इतर कुणाहीपेक्षा नीट समजलं, असं मला वाटतं.

यंदा संपादकांच्या फोननंतर आठवड्याने निमंत्रणपत्रिका आली. गौरव समारंभ भाद्रपदातल्या रविवारी, सकाळी साडेदहा वाजता. कार्यक्रमपत्रिकेत तिसऱ्या क्रमांकावर 'सरांच्या गाजलेल्या कथेचे अभिवाचन'.

मी पवारकाकांच्या टेबलाशी गेले.

"काका, निधनवार्तेची दुरुस्ती द्यायची आहे."

"कालच्या?"

"सात वर्षांपूर्वीच्या."

काकांनी चष्मा काढला. "इतक्या वर्षांनी?"

"दुरुस्तीला मुदत असते का?"

"नियम नाही. असा वेडेपणा अजून कुणी केला नव्हता, म्हणून नियम नाही." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग खण उघडला. त्यातून कोरा अर्ज काढला. "त्या दिवशी तू माझी ओळ कापलीस, ती मी दुसऱ्या दिवशी अंकातच पाहिली. मला सांगायचं होतंस. मी रकान्यावरची शोभेची चौकट काढली असती. तेवढ्यात ओळ बसली असती."

हे मला सात वर्षं माहीत नव्हतं.

"रविवारी लागेल?"

"रविवारचं पान कोण लावतंय?"

"मी नाही. मी सुट्टी घेतली आहे."

"मग अर्ज भर. बाहेरचे भरतात तसा."

निधनवार्तेच्या अर्जावर सही करणाऱ्याचं नाव आणि मृताशी नातं, असे दोन रकाने असतात. हा अर्ज मी हजारदा हाताळला आहे, भरला कधीच नव्हता. नात्याच्या रकान्यात 'मुलगी' लिहिलं. काकांनी मजकूर वाचला, शब्द मोजले आणि म्हणाले, "बेचाळीस. मुलगे आधी घ्यायची पद्धत आहे आपली." मी पेन त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी चष्मा पुन्हा लावला, खाली सही केली. "असू दे. आहे तसं जाईल."

रविवारच्या अंकात, निधनवार्तांच्या रकान्यात सर्वांत खाली, पुढील मजकूर प्रसिद्ध झाला :

'दुरुस्ती : वारजे येथील श्रीमती शेवंताबाई ओव्हाळ यांच्या सात वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेल्या निधनवार्तेत त्यांच्या मुलीचा उल्लेख राहून गेला होता. पान लावताना एक ओळ जास्त झाल्याने तो मुलीनेच वगळला होता. त्यांच्या पश्चात एक मुलगी, दोन मुलगे, सुना व नातवंडे असा परिवार आहे, असे वाचावे.'

त्यात सरांचा उल्लेख नाही. कथेचा नाही. विशेषण नाही.

या शहरात निधनवार्ता सगळे वाचतात. विशेषतः साठीच्या पुढचे, विशेषतः रविवारी, विशेषतः समारंभाला निघण्याआधी. मी सव्वादहाला सभागृहात पोहोचले आणि सातव्या रांगेत बसले. दारात मोगऱ्याचे गजरे आणि गुलाबपाणी होतं. पहिल्या चार रांगांत मला घडी घातलेले नऊ अंक दिसले. त्यांतले सहा एकाच पानावर उघडले गेले. माणसं शेजाऱ्याला बोटाने ओळ दाखवत होती. बोट ओळीखाली धरून. आई धरायची तसं.

देशपांडेबाई पुढच्या रांगेतून उठून माझ्या शेजारी आल्या. केस पूर्ण पांढरे झाले आहेत.

"अहो, ही गोष्ट तुमचीच ना? तुम्ही वर्गात वाचली होतीत."

"हो."

"मला वाटलं, तुम्ही दिलीत त्यांना."

"विचारलं नाहीत कधी?"

"बरं दिसलं नसतं हो." त्यांनी पिशवीतून आलेपाकाची वडी काढून माझ्या हातावर ठेवली. आणि उठल्या. होमिओपॅथ डॉक्टर पलीकडे बसले होते, त्यांच्याकडे गेल्या. तिथून निवृत्त बँक अधिकाऱ्यांकडे. पहिल्या तुकडीतले आणखी सहा जण आले होते. त्या सहाही जणांशी बोलल्या. शेवटी व्यासपीठाच्या पायरीशी उभ्या असलेल्या दिवाळी अंकाच्या संपादकांशी. हे बोलणं मला ऐकू आलं नाही. संपादकांनी मात्र मान वळवून सातव्या रांगेकडे पाहिलं.

साडेदहाला दीपप्रज्वलन झालं. सर पांढऱ्या शर्टावर शाल घेऊन बसले होते. कुणीतरी त्यांच्या हातात घडी घातलेला अंक दिला. त्यांनी वाचला. दुसऱ्यांदा वाचला. मग त्यांनी श्रोत्यांकडे पाहिलं. रांग शोधायला त्यांना वेळ लागला. मी हात वर केला नाही. मी तिथेच होते, उजेडात, खुर्चीवर, नावानिशी.

अकरा वाजून पाच मिनिटांनी संपादकांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितलं की वेळेअभावी अभिवाचन होणार नाही. कार्यक्रमाची वेळ एकपर्यंत छापलेली होती. कार्यक्रम साडेअकराला संपला.

दुपारी सव्वातीनला सरांचा फोन आला. मी वारज्याला दादाकडे होते. दादाने दोन्ही कात्रणं, जुनं आणि नवं, आईच्या फोटोखालच्या काचेत शेजारी शेजारी बसवली होती आणि काच पुसत होता.

"हे काय आहे?" सर म्हणाले.

"दुरुस्ती आहे."

"सात वर्षांनी?"

"घाई नको, असं तुम्हीच शिकवलंत."

त्यांच्या मागे कुणीतरी कपबशा आवरत असावं.

"सर, तुमच्यावर लेख लिहायला सांगितलं आहे. गौरव विभागासाठी. त्यात हे सगळं येईल. वही माझ्याकडे आहे, लाल शाईसकट. तुमचं म्हणणं घ्यायचं आहे. चाळीस शब्दांपर्यंत पाठवा. जसंच्या तसं छापायला सांगेन."

"चाळीस शब्दांत काय सांगणार?"

"माझी आई त्यात बसली होती."

त्यांनी फोन ठेवला.

लेख देण्याची मुदत आज, गुरुवारी, संध्याकाळी पाचपर्यंत आहे. सकाळी सरांना पुन्हा एकदा निरोप पाठवला. तो त्यांना मिळाला आणि त्यांनी तो नऊ वाजून चाळीस मिनिटांनी वाचला, असं फोनवर दिसतं. हा मजकूर पूर्ण होईपर्यंत, म्हणजे चार वाजून पन्नास मिनिटांपर्यंत, त्यांचं म्हणणं आलेलं नाही.